केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हातात नेमकं असतं काय?

प्रश्न असा दिसतोय की तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात कुत्रा चावल्यावरची लस नव्हती, तुम्ही थेट केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना टॅग केलंत, खाली कोणीतरी "त्यांचा काय संबंध" म्हणून गेलं, आणि आता तुम्ही विचारताय की मग हे मंत्री करतात तरी काय आणि आजवर कोणी काही केलंय का.

संबंध अर्धाच आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक आरोग्य, हॉस्पिटलं, दवाखाने सगळं राज्य सूचीत (राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयांच्या यादीत) टाकलंय. लोकसभेतली आरोग्य खात्याची उत्तरं काढून वाचा, बऱ्याच वेळा सुरुवातच "आरोग्य हा राज्याचा विषय आहे" अशी असते, म्हणजे विषयच संपला. तुमची लस राज्यानं घ्यायची, ती खरेदी आधी हाफकिन या राज्य सरकारच्या कंपनीकडे होती, 2023 च्या कायद्यानं त्यासाठी वेगळं प्राधिकरण केलं.

पण पैसा कुठून येतो बघा. मी झेडपीच्या (जिल्हा परिषदेच्या) आरोग्य खात्यात नोकरी केली त्यामुळे हे रोजचं होतं. कुठल्याही पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन उभे राहा. बिल्डिंग झेडपीची, डॉक्टर राज्याचे, आयएलआरमधल्या (लसींच्या खास फ्रीजमधल्या) बाळांच्या लसी केंद्रानं घेऊन पाठवलेल्या, आणि त्या आयएलआरचं टेंपरेचर 2 ते 8 मध्ये आहे का ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहिणारी सिस्टर बऱ्याचदा एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी, तिच्या पगारात केंद्राचे 60 टक्के नि राज्याचे 40, आणि लाइट गेली की महावितरणला फोन. आता यात काही बिघडलं तर शिव्या कोणाला घालायच्या सांगा!

बाकी ज्या गोष्टींसाठी लोक या मंत्र्यांवर तुटून पडतात त्यातल्या निम्म्या दुसऱ्याच खात्याच्या असतात. औषधांच्या किमती आणि जनऔषधी हे रसायन व खते मंत्रालयाकडे, ईएसआयची (कामगार विम्याची) हॉस्पिटलं कामगार मंत्रालयाकडे, अंगणवाडीचा आहार महिला बालकल्याणकडे. नीट परीक्षा घेणारी एनटीए शिक्षण मंत्रालयाची, पण मेडिकलच्या सीट मंजूर करणारं कमिशन आरोग्याचं. कोविडमध्येसुद्धा लॉकडाऊनचे आदेश 2005 च्या आपत्ती कायद्याखाली गृह मंत्रालयातून निघत होते, आणि राज्यं वापरत होती 1897 चा साथरोग कायदा, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगपायी आला होता.

मग उरतं काय, तर पैसा, कायदा आणि मोठ्या संस्था. माझ्या मते ज्यांनी हे तीन नीट वापरले तेच लक्षात राहिले, बाकीचे उद्घाटनं करून गेले.

सगळ्यात वर राजकुमारी अमृत कौर, पहिल्या आरोग्यमंत्री, 1947 ते 1957. कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, गांधीजींच्या सेक्रेटरी म्हणून अनेक वर्षं काम केलेल्या. देशात एक अव्वल दर्जाची मेडिकल संस्था हवी ही शिफारस भोर कमिटी या इंग्रजांच्या काळातल्या आरोग्य समितीनं 1946 मध्येच केली होती, पण पैसे कुठे होते, तर बाईंनी कोलंबो प्लॅन या राष्ट्रकुल देशांच्या मदत योजनेखाली न्यूझीलंडची मदत मिळवली, 1956 मध्ये संसदेतून एम्सचा कायदा करून घेतला, आणि शिमल्याचं स्वतःचं घर एम्सच्या लोकांना सुट्टीत राहायला देऊन टाकलं. बीसीजीची (क्षयरोगाच्या लसीची) आणि मलेरियाची देशव्यापी मोहीमही त्यांच्याच काळातली. त्यांच्याविषयी शाळेत एक ओळ शिकवत नाहीत याचा मला राग येतो.

सुशीला नय्यर (1962 ते 67) आपल्याकडे जास्त माहीत असायला हव्यात, 1969 मध्ये सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्यामुळे.

आता वाईट प्रकरण. तेव्हाचे आरोग्यमंत्री करण सिंह हेच 1974 मध्ये बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत विकास झाला की जन्मदर आपोआप उतरतो अशी बाजू मांडून आले, आणि एप्रिल 1976 च्या लोकसंख्या धोरणात सक्तीच्या नसबंदीचा कायदा करायची मुभा राज्यांना देऊन बसले. जोर अर्थात संजय गांधींचा होता. पण महाराष्ट्रानं लगेच विधिमंडळात तसं विधेयक मंजूर केलं बरं का, ते राष्ट्रपतींच्या मंजुरीवाचून अडकलं म्हणून वाचलो. त्या एका वर्षात देशात 80 लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. आणि त्याच वर्षीच्या 42 व्या घटनादुरुस्तीत कुटुंब नियोजन समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांच्या विषयांच्या यादीत) घातलं, हॉस्पिटलं मात्र राज्यांकडेच ठेवली. दिल्लीला काय हातात हवं होतं ते यावरून कळतं.

नंतरचे आरोग्यमंत्री अंबुमणी रामदास यांच्याबद्दल माझं मत अनेकांना पटत नाही. एम्सच्या डायरेक्टरला काढायला त्यांनी कायदा बदलून घेतला आणि 2008 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला, तो पोरखेळच होता. पण एनआरएचएम (आताच्या एनएचएमचं आधीचं, ग्रामीण भागापुरतं रूप) आणि गावोगावच्या आशाताई 2005 पासून त्यांच्याच कारकिर्दीत आल्या, आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी सिगारेटबंदी लागू झाली तीही. आधी एसटी स्टँडवर काय धूर असायचा ते चाळिशीपुढच्यांना विचारा.

महाराष्ट्रातून अलीकडे केंद्रीय आरोग्य खात्याची राज्यमंत्रीपदं मिळाली आहेत, 2021 मध्ये दिंडोरीच्या भारती पवार, 2024 मध्ये बुलढाण्याचे प्रतापराव जाधव.

तुमच्या लसीचं म्हणाल तर ट्विट राहू द्या. ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या म्हणजे सिव्हिल सर्जनच्या अखत्यारीत येतं, त्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पीएचसी असती तर झेडपीचे डीएचओ, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. अर्जात लस कधी संपली आणि मागणी कधी पाठवली हे विचारा, म्हणजे अडलंय जिल्ह्यात की मुंबईत ते लगेच समजेल. तोवर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि शेजारच्या तालुक्यात किंवा सिव्हिलला जाऊन लस आजच घ्यायची, अर्जाच्या उत्तराची वाट बघायची नाही.