शेराच्या घरात चिंगी आणू का?

प्रश्न : आम्ही जुळे सोलापुरात राहतो. आमचा शेरा पाच वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. नर, नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही. आम्ही कामावर गेलो की तो रडतो आणि शेजारी तक्रार करतात. गल्लीतल्या कुत्रीचं एकच पिल्लू वाचलंय, मादी, दोनेक महिन्यांची. लेकीने तिचं नावही ठेवलंय, चिंगी. परवा लेक तिला कडेवर घेऊन दारात आली तर शेरा केवढ्यांदा गुरगुरला! यांनी त्याला फटका दिला. मोहोळहून आलेले सासरे म्हणतात, पिल्लू पोर्चमध्ये बांधून ठेवा, आठ दिवसांत दोघांना सवय होईल. मला वाटतं, सोबत मिळाली की शेराचं रडणंही थांबेल. आणू का चिंगीला?

उत्तर : ताई, जरूर आणा. पण शेराचं रडणं थांबेल या आशेवर आणू नका. माणसं बाहेर पडली की जो कुत्रा कासावीस होतो, त्याला माणसंच हवी असतात. शेजारी पिल्लू असलं तरी तो दाराकडे तोंड करूनच बसतो. आधी एक रडायचा, आता दोघं रडतात, असं सांगणारी घरं माझ्या दवाखान्यात येतात; पिल्लू मोठ्याचं बघून शिकतं. उद्या निघताना घरात एक मोबाइल रेकॉर्डिंगला लावून जा. तुमची पाठ फिरताच तो दाराला नखं मारतो, लाळ गाळतो, की तासाभराने कंटाळून भुंकतो, ते बघा. कंटाळा असेल तर सकाळचं फिरणं वाढवा. कासाविशी असेल तर दोन मिनिटं बाहेर, परत आत, मग पाच मिनिटं, अशी सवय लावावी लागेल. हे काम चिंगी यायच्या आधी सुरू करा.

दारातल्या प्रसंगात शेराचं काही चुकलेलं नाही. त्याचं दार, त्याची लेक, आणि तिच्या कडेवर अनोळखी वासाचं पिल्लू थेट नाकासमोर. गुरगुरून त्याने ‘लांब राहा’ एवढंच सांगितलं. त्यासाठी कृपा करून मारू नका. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडतो, राग सोडत नाही. मग एक दिवस सूचना न देता चावतो.

आता घाई करू नये अशी गोष्ट. रस्त्यावरच्या पिल्लांत पार्व्हो आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे संसर्गजन्य आजार सर्रास असतात. भावंडं कशाने गेली हे माहीत नसताना चिंगीला थेट शेराजवळ नेणं मला पटणार नाही. पहिले दोन आठवडे तिला मागच्या खोलीत वेगळं ठेवा, भांडी वेगळी, तिच्याकडून आल्यावर हात साबणाने धुवा. जंताचं औषध, गोचिडांची तपासणी आणि पहिली लस लगेच. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, ती चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीजची लस ती तीन महिन्यांची झाल्यावर. शेराचं लसीचं कार्डही काढून बघा. पार्व्होचा विषाणू फरशीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि नुसत्या फिनेलला दाद देत नाही. घाण आधी धुऊन काढा, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी घेऊन फरशी पुसा आणि दहा मिनिटं ओली राहू द्या.

या दोन आठवड्यांत चिंगीचं अंथरूण शेराला हुंगायला देऊ नका. तिला जुलाब-उलट्या नाहीत याची खात्री झाली की मग द्या. भेट घराबाहेर घडवावी असं सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण लशी पूर्ण न झालेलं पिल्लू मैदानात नेऊ नका, तिथे भटकी कुत्री फिरतात. तुमची किंवा शेजाऱ्यांची गच्ची चालेल. वेळ दिवे लागल्यानंतरची. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसपर्यंत पारा जातो आणि गच्ची उशिरापर्यंत तापलेली असते. हाताची मागची बाजू फरशीला टेकवून बघा, चटका बसला तर अजून थांबा. शेराचा पट्टा तुमच्या हातात, पण सैल. ताणून धरलात की त्यालाही वाटतं, काहीतरी धोका आहे. दोघांना लांबून समांतर चालवा आणि हळूहळू जवळ आणा. शेराने पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला तर तो खेळायला बोलावतोय. अंग ताठ, तोंड बंद, नजर रोखलेली असेल तर त्याला हाक मारून बाजूला घ्या. दहा मिनिटं पुरेत.

घरात आल्यावर लोक जेवणाच्या भांड्यांची काळजी करतात. ती वेगळ्या खोल्यांत ठेवाच, पण सोलापुरी उन्हाळ्यात खरी भांडणं मी बघतो ती कूलरसमोरच्या जागेवरून. शेराची फरशी ठरलेली असणार. दुपारी तो तिथे पोट टेकवून पडलाय आणि चिंगी येऊन त्याच्या कानाला लोंबकळतेय, इथे ठिणगी पडते. ती जागा शेराचीच राहू द्या. चिंगीसाठी दुसरीकडे ओलं गोणपाट अंथरा. नळाला पाणी काही दिवसांआड येत असलं तरी पाण्याची भांडी दोन हवीत. मधल्या दाराला आडवी फळी लावा, म्हणजे शेरा ओलांडून जाईल आणि चिंगीला मागे जाता येणार नाही. त्याने एकदा भुंकून तिला हटकलं तर मध्ये पडू नका, पिल्लाला ते कळायला हवं. तो तिला दाबून धरत असेल, ती केकाटूनही सोडत नसेल, तर मात्र लगेच वेगळं करा. घरी कोणी नसताना दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, निदान चिंगी मोठी होईपर्यंत.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण पिल्लाला बांधू नका. बांधलेल्या पिल्लाला पळून जाता येत नाही, आणि शेराला ते जवळ यायचं आमंत्रण वाटतं.

चिंगी सहा महिन्यांच्या आसपास माजावर येऊ शकते. शेराचं ऑपरेशन झालेलं नाही आणि दोघं एका घरात. दिवस राहिले तर साधारण 63 दिवसांत पिल्लं. तेव्हा दोघांच्या ऑपरेशनची तारीख आत्ताच डॉक्टरांशी बोलून ठरवा. शेराला आवाजाची भीती असेल तर तेही सांगा, कारण गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दारूकामाच्या रात्री तो पलंगाखाली शिरला की चिंगीही शिरायला शिकेल.

आणि जुंपलीच, तर मध्ये हात घालू नका. जाड सोलापुरी चादर दोघांवर टाका, दिसेनासं झालं की पकड सुटते. लेकीला हे आधीच समजावून ठेवा. कुणाला दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.