प्रवेश नव्हे, कबुली

अंबडला खोक्यांचा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाने विचारलंय : "उधारीच्या दाव्यातला वकिलांचा इंग्रजी कागद मोबाइलवर मराठीत केला, तर 'प्रवेशांवर आधारित सारांश निर्णय' असं आलं. म्हणजे काय?"

इंग्रजीत दोन्ही 'ॲडमिशन'च, पण प्रवेश शाळेत मिळतो हो. कोर्टात असते ती कबुली. 'समरी'चा 'सारांश'ही चुकलाच. इथे निकालाचा सारांश कोणी काढत नाही, साक्षीपुराव्याचं लांबण तेवढं टळतं. म्हणून 'संक्षिप्त निवाडा'.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ठेवा. कबुलीवरून निवाडा हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १२, नियम ६ मधला. संक्षिप्त निवाडा व्यापारी दाव्यांसाठी २०१५ च्या कायद्याने आलेल्या आदेश १३-अ मधला. तिथे कबुली हवीच असं नाही, प्रतिवादीच्या बचावात दम नाही हे दाखवावं लागतं.

'कबुलीजबाब' मात्र इथे नको. तो फौजदारीतला, आरोपीचा. पैसे देणं लागतो म्हणणारा काही गुन्हेगार नसतो.

कोर्टातली मराठी याबाबत पक्की आहे. प्रतिवादीच्या उत्तराला 'कैफियत' म्हणतात आणि तिच्यात ठरलेलं पालुपद असतं : 'मजकूर खरा नाही व कबूल नाही.' एकेका मुद्द्याला नेमका नकार हवा. मोघम राहिलं, तर आदेश ८, नियम ५ प्रमाणे ते कबूल धरलं जाऊ शकतं.

खरी गंमत बाजारातल्या बोलीत. "माल मिळाला, तीन लाख देणं आहे, पुढच्या महिन्यात देतो" ही स्वच्छ कबुली. दावा पाच लाखांचा असला, तरी या तिनाचा हुकूमनामा कोर्ट आधी देऊ शकतं, उरलेल्या दोनाचं पुढे चालतं. पण "हिशेब बघू, निघतील ते देऊ"? यातलं 'निघतील' फार हुशार क्रियापद आहे. शून्यही निघू शकतं. आणि आपल्याकडचं लाडकं वाक्य, "द्राक्षाचा सीझन होऊ द्या, करून टाकू." काय करून टाकू? कर्म नाही, रक्कम नाही. कबुली स्पष्ट आणि बिनशर्त हवी असते; असल्या वाक्यावर वकील दोन तारखा सहज भांडतील.

तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाचा व्हॉट्सॲप मेसेज पुन्हा उघडा आणि त्यात 'देणं आहे' लिहिलंय की 'बघू', तेवढं वकिलांना दाखवा.