कोरकू मुलगी, मराठी चाचणी

प्रश्न : मी मेळघाटातल्या धारणी तालुक्यात शिकवते. दुसरीतली एक कोरकू आदिवासी मुलगी तपासणी शिबिरात मराठी प्रश्नांना गप्पच बसली. कागदावर ‘बौद्धिक अक्षमता’ आलं. घरी मात्र ती शेळ्या मोजून कोंडते, धाकट्याला सांभाळते. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, तो कागद अंतिम मानू नका. कोरकू मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातंच नाही. मेळघाटात नवा असताना मीही एका पोराला ‘मंद’ ठरवून मोकळा झालो होतो. पुढं पुरात नाला कुठून ओलांडायचा, ते त्यानंच दाखवलं. लाज अजून आहे.

आधी कान-डोळे तपासा. मग फेरतपासणी लेखी अर्जानं मागा. सोबत कोरकू बोलणारी अंगणवाडीताई न्या; तिला बजावा, उत्तर सुचवायचं नाही. नुसत्या गुणांवर बौद्धिक अक्षमता ठरत नाही, रोजचं वागणंही पाहावं लागतं. तुमच्या त्या शेळ्या लिहूनच द्या!

आईला विचारा : कोरकूत ती केव्हा बोलू लागली, गोष्ट सांगते का? तिथंही अडखळत असेल तर मात्र ‘भाषेमुळं होतं’ म्हणून थांबू नका. 2016 च्या दिव्यांग कायद्यानं मदत हा तिचा हक्कच आहे.