खोडावरचे कोळी दिसायला लागण्यासाठी

सुरुवात दोन शेपट्यांच्या कोळ्यापासून करा. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातच जायला हवं असं नाही, आवारातलं जुनं आंब्याचं खोडही चालेल. याचं अंग जेमतेम १ सेंटिमीटर, चपटं, सालीच्याच रंगाचं. समोरून टक लावून बघाल तर हमखास फसाल, नवखे बहुतेक इथेच चुकतात. खोडाच्या कडेने, तिरप्या उजेडात बघा. पसरलेले लांब पाय आणि मागची दोन बारीक टोकं दिसतील. रेशीम तिथूनच निघतं.

- झाडं बदलत फिरू नका. एकाच खोडापाशी थांबा.
- साल सोलू नका, काडीने डिवचू तर मुळीच नका. ते त्याचं घर आहे.
- दिसला की हलू नका, नाहीतर झटकन खोडामागे जाईल. नशिबात असेल तर मुंगीभोवती गरगर फिरून तिला धाग्यांत गुंडाळताना दिसेल, आणि ते खरंच बघण्यासारखं असतं!

मॅक्रो लेन्स, शास्त्रीय नावं सध्या राहू द्या.