क्रेडिट कार्डाचं फक्त 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान भरायची रक्कम) भरलं तर सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारे गुण, पडतो का?

लगेच नाही, कारण हप्ता थकला अशी नोंद होत नाही. खरी मेख व्याजात आहे. समजा बिल ४०,००० आणि मिनिमम ५ टक्के, म्हणजे २,००० भरले. उरलेल्या ३८,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी १,३३० व्याज, वर त्यावर १८ टक्के जीएसटी. मुद्दल जेमतेमच कमी होतं! शिवाय नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. थकबाकी लिमिटच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त राहिली की मग स्कोअरही घसरू शकतो.

कार्ड वापरणं आधी थांबवा. बाकी रकमेचा ईएमआय करून घ्या किंवा स्वस्त पर्सनल लोन काढून ती फेडा. प्रोसेसिंग फी धरूनच हिशेब करा. वसुलीवाला 'सेटलमेंट'चं, म्हणजे कमी रकमेत खातं मिटवण्याचं, गाजर दाखवेल, पण सिबिल रिपोर्टवर 'सेटल्ड' शेरा पडला की पुढे गृहकर्जाला अडतं.