कुपवाडच्या कंपनीसाठी आयपी पत्ते घेताना
कंपनीसाठी स्वतःचे आयपी पत्ते (इंटरनेटवर कॉम्प्युटर ओळखायचे आकडे) कसे घ्यायचे, असं विचारलंस. आधी एक विचारतो, रागावू नकोस: स्वतःचे पत्ते खरंच हवेत का? ऑफिसातले दोनशे कॉम्प्युटर १९२.१६८ च्या खासगी पत्त्यांवर आणि नॅटच्या (सगळ्यांना एकाच बाहेरच्या पत्त्यावरून इंटरनेट देणाऱ्या सोयीच्या) मागे निवांत चालतात. बाहेरून दिसायला हवेत असे सर्व्हर चार-पाचच असतील, तर लीज्ड लाइनबरोबर (कंपनीसाठी राखीव इंटरनेट जोडणी) मिळणारे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारे, आयपी पुरतात.

पण ते पत्ते कंपनीचे नसतात, लाइनवाल्याचे असतात. सांगलीत आम्ही लाइन बदलली तेव्हा व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडायची सुरक्षित वाट), मेल, बँकेकडची नोंद, सगळं एका रात्रीत बदलावं लागलं. चहाचे किती कप झाले, मोजले नाहीत.

दोन कंपन्यांच्या लाइन घेऊन एक पडली तरी दुसरीवर त्याच पत्त्यांनी चालायचं असेल, तर मात्र आयआरआयएनएनकडे अर्ज कर. भारतातलं पत्तेवाटप निक्सी या देशातल्या इंटरनेट एक्स्चेंज संस्थेची ही शाखा बघते. कंपनीच्या नोंदणीची कागदपत्रं आणि नेटवर्कचा खरा आराखडा तयार ठेव. आकडे फुगवू नकोस. फी दरवर्षी भरावी लागते, हे मालकांच्या कानावर आधीच घाल.

आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणाऱ्या एपीनिकचा मुख्य साठा २०११ मध्येच आटला, त्यामुळे आयपीव्ही ४ (जुन्या पद्धतीचे) पत्ते हात राखूनच मिळतात. /२४ म्हणजे २५६ पत्ते माग; त्याहून छोटा तुकडा बीजीपीत (नेटवर्क एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) बहुतेक जण स्वीकारतच नाहीत. सोबत एएस नंबर (बीजीपीत तुमच्या नेटवर्कची ओळख) आणि नव्या पद्धतीचे आयपीव्ही ६ पत्तेही घेऊन टाक. पत्ते मिळाले की आरओए (हे पत्ते तुमच्याच एएस नंबरवरून जाहीर होतात, अशी डिजिटल सहीची नोंद) करायला विसरू नकोस.