लष्करी विज्ञानकादंबरीत पात्रं आणि कथानक यांनी खरंच फरक पडतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: मंगळावरच्या युद्धाची कादंबरी लिहिताय, यानं, शस्त्रं, चिलखतं सगळं बारकाईने रचलंय, तरी ज्यांना वाचायला दिली त्यांनी ती अर्ध्यावर ठेवली. मग पात्रं आणि कथानक यांनी नक्की काय साधतं?

पुष्कळ साधतं, आणि ते तुम्ही रचलेल्या यंत्रांमधूनच. यंत्र कसं चालतं हे वाचकाला एका परिच्छेदात कळतं. त्या यंत्रापायी कोणावर काय ठरवायची पाळी आली, यासाठी तो पुढची दोनशे पानं वाचतो.

मी इंदूरची. महू इथून जवळच, इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज तिथलीच, त्यामुळे लग्नाकार्यात फौजेतून निवृत्त झालेली मंडळी हमखास भेटतात. त्यांच्या गप्पांत बंदुका कमी येतात. लांबच्या मार्चनंतर बूट काढायला लावून एकेकाचे पाय तपासणारा हवालदार मात्र येतो, नावागावासकट.

हाच हवालदार मंगळावर न्या. आतल्या हवेच्या दाबामुळे अंतराळपोशाखाचे हातमोजे ताठ होतात. तासन्‌तास काम केलं की बोटांची टोकं ठेचतात, खऱ्या अंतराळवीरांची नखंसुद्धा निघाली आहेत. तुमचा हवालदार प्रत्येक मोहिमेनंतर पोरांना हात पुढे करायला लावतो आणि नखं बघतो. एक पोरगा सैल झालेलं नख लपवतो, कारण त्याचा भाऊ पुढच्या चौकीवर अडकलाय आणि या खेपेला त्याला मागे राहायचं नाही. हवालदाराच्या ते लक्षात येतं, तरी तो गप्प बसतो. तीन प्रकरणांनंतर एअरलॉकची, म्हणजे बाहेर पडायच्या हवाबंद दाराची, कडी हाताने फिरवायची वेळ येते आणि तिथे नेमका तोच पोरगा असतो. बघा, कथानक वेगळं शोधावं लागलंच नाही. आणि त्या दाराचा पत्रा किती जाड आहे, हे आता वाचक विचारणार नाही.

दुसरं म्हणजे अंतर. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात, म्हणजे प्रत्येक हुकूम शिळा होऊनच हातात पडतो. 'माघार घ्या' असा हुकूम आला. तो सुटला तेव्हा मागची वाट मोकळी होती, आता नाही. अशा वेळी हुकूम मोडणारा बंडखोर अधिकारी सगळ्यांनाच सुचतो. मला जास्त ओढ वाटेल ती जन्मभर हुकूम पाळत आलेल्या कॅप्टनबाईंची. त्या काय करतील, याची खरी धाकधूक असते.

व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या जो हॉल्डमन यांची 1974 ची 'द फॉरेव्हर वॉर' ही कादंबरी याचसाठी वाचा. प्रकाशाच्या जवळपास वेगाने लढाईला जाऊन येणाऱ्या सैनिकाचं वय थोडंसंच वाढतं, पृथ्वीवर मात्र शतकं उलटतात. सापेक्षतेचं गणित तिथे एका माणसाचं घरच हिरावून घेतं.

आपल्या माळव्यातलं उदाहरण हवं असेल तर महिदपूरची लढाई घ्या. 21 डिसेंबर 1817 ला होळकरांच्या तोफखान्याने इंग्रजांची भरपूर हानी केली, तरी लढाई हातची गेली. आदल्याच दिवशी होळकरांचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच फौजेतल्या लोकांनी ठार केलं होतं, आणि गादीवर होते 11 वर्षांचे दुसरे मल्हारराव. 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला. नुसती तोफांची मोजदाद करून यातलं काय कळणार? छावणीत कोणाचा कोणावर विश्वास उरला नव्हता, ते आधी कळायला हवं.

शत्रूलाही काहीतरी हवं असू द्या, नुसतं चाल करून येणं पुरत नाही.

आता हस्तलिखित घेऊन बसा आणि प्रत्येक लढाईपुढे एक ओळ लिहा: कोणाला काय हवंय, आणि ते मिळवताना त्याचं काय जाणार आहे. जिच्यापुढे ही ओळ सुचत नाही ती लढाई बेलाशक काढून टाका. यंत्रांची टिपणं मात्र फेकू नका. कॅप्टनबाईंना कुठे अडवायचं, ते त्यातच सापडेल.